इंटेलिजन्स ८ म्हणजे नक्की किती?

प्रश्न मोरजीच्या एका कॉलेजकुमाराचा आहे. म्हापशाला एका गटात तो डी अँड डी खेळतो, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकाने गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं असा फाशांचा खेळ; पाचवी आवृत्ती. त्याचं पात्र बार्बेरियन, म्हणजे रांगडा लढवय्या, समुद्रकाठच्या टोळीतला: स्ट्रेंग्थ (ताकद) १६, विज्डम (शहाणपण) १३, इंटेलिजन्स (बुद्धी) ८. गॉब्लिनांची, म्हणजे खुज्या राक्षसांची, गुहा किनाऱ्यावर, तोंड वाळूकडे. हा म्हणाला, मागची फट दगडांनी बुजवू आणि भरतीची वाट बघत बसू. बाकीचे खूश. डीएमने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, नकारार्थी मान हलवली: "तुझं इंट आठ. असलं काही तुझ्या कॅरेक्टरला सुचणारच नाही." आणि ज्याचं इंट १७ तो विझर्ड (जादूगार) हा सगळा वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून. तर दादा, आठ म्हणजे नक्की किती, सोळा म्हणजे त्याच्या दुप्पट का, आणि चूक कोणाची?

चूक डीएमची. पण तू जे पुढे लिहिलंस, "मायनस वनच तर आहे, त्याने काय होतंय", तेही पुरतं खरं नाही. मायनस वनने, म्हणजे आठ असल्यामुळे तुझ्या फाशातून जो एक वजा होतो त्याने, फरक पडतो. कुठे पडतो आणि कुठे पडत नाही, तेवढंच बघायचं आहे, पण ते बघायला जरा वेळ लागेल. चहा घेऊन बस.

आधी आठचा हिशोब. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ छापून आला तेव्हा प्रत्येक अंक तीन साधे फासे टाकून काढायचे, म्हणून तो ३ ते १८ मध्ये अडकलेला. तीन फाशांच्या २१६ जुळण्या होतात. १८ त्यातल्या एकाच जुळणीत येतो. १६ किंवा वर, दहा जुळण्यांत. आणि ८ किंवा खाली, ५६ जुळण्यांत. आता देवळात महाप्रसादाच्या पंगतीला २१६ माणसं बसलीत असं धर. त्यातली ५६, म्हणजे चारांत एक, तुझ्या बार्बेरियनच्या बुद्धीची किंवा त्याहून कमी. ती ओळखता येतात का? तीही गाडी रिव्हर्स लावतात, सोसायटीचं कर्ज फेडतात, पंचायतीच्या निवडणुकीत कोण पडणार ते आधी सांगतात. शाळेत गणिताच्या तासाला ती खिडकीबाहेर बघायची, एवढंच. आठ म्हणजे ढ नव्हे. आठ म्हणजे सेकंड क्लास.

आणि हे ज्यांच्याशी तू लढतोयस त्या गॉब्लिनांकडे बघ. २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात, साध्या गॉब्लिनचं इंट १० आहे. ओग्रचं, म्हणजे धिप्पाड राक्षसाचं, ५, आणि तो ५वाला ओग्र दोन भाषा बोलतो. आठवाल्याला भरती सुचू शकत नसेल तर पाचवाल्याला दार उघडणंही जमायला नको. तुझ्या डीएमला हे पान उघडून दाखव, पण हसत दाखव. सगळ्यांसमोर नको.

आता आठची किंमत. सध्याचा नियम असा की अंकातून १० वजा करायचे, उरेल त्याचं अर्ध करायचं, अर्धा उरला तर खाली सरकायचं. आठचा मायनस एक, सोळाचा प्लस तीन. हा मॉडिफायर वीस बाजूंच्या फाशात मिळवतात, म्हणून त्यातला प्रत्येक एक म्हणजे पाच टक्के. दहाच्या चेकला, म्हणजे फासा आणि मॉडिफायर मिळून दहा किंवा वर यायला हवेत तेव्हा, १० अंकाचा साधा माणूस शंभरात ५५ वेळा पास होतो, तुझा बार्बेरियन ५० वेळा. वीस चेकमागे एका चेकचा फरक. एका सेशनमध्ये तू इंटचे चेक करतोस तरी किती? दोन? म्हणजे आठचा फटका तुला महिनोन्महिने जाणवणारही नाही, डीएमने तोंडी दिला नाही तर.

दुप्पटीचा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर "हो" आणि "मुळीच नाही" असं दोन्ही आहे, आणि दोन्ही उत्तरं एकाच पुस्तकात शेजारी शेजारी राहतात. ओझ्याचा नियम बघ: स्ट्रेंग्थ गुणिले १५ पौंड. आठवाला १२० पौंड नेतो, साधारण ५४ किलो, म्हणजे सिमेंटची एक गोण आणि वर थोडं. सोळावाला बरोबर त्याच्या दुप्पट, दोन गोणी. लांब उडीचं तसंच: धावत येऊन मारलेली उडी स्ट्रेंग्थच्या आकड्याएवढी फूट. आठवाला ८ फूट, सोळावाला १६. फासा टाकायचाच नाही. इथे आकडा खरोखर मोजमाप आहे, वाण्याच्या तराजूसारखं.

आता अडकलेलं दार. पंधराचा चेक. सोळावाल्याला फाशावर १२ हवेत, म्हणजे ४५ टक्के. आठवाल्याला १६ हवेत, २५ टक्के. दुप्पट ताकद, पण दाराला ती दुप्पट वाटत नाही. दोघांनी एकापाठोपाठ धक्का मारला तर शंभरात तेरा-चौदा वेळा असं होणार की पैलवान हरला आणि काडीपहिलवानाने दार उघडलं.

हे मला आकड्यांतून नाही, फजितीतून कळलं. पावसाळ्यातली गोष्ट. फोंड्याला आमच्या घराच्या पडवीत सहा जण, वीज गेलेली, टेबलावर दोन मेणबत्त्या, आईने पाठवलेली मिरची भजी. खेळातल्या एका सराईत, म्हणजे प्रवाशांच्या उतरण्याच्या जागी, पात्रांनी पंजा लढवायची टूम निघाली. बार्बेरियन प्लस तीन, विझर्ड मायनस एक. मी तेव्हा नवा, म्हटलं, टाका फासे. बार्बेरियनवाल्याने टाकले, सात. विझर्डवाल्याने मेणबत्तीखाली धरून बघितलं: सोळा. दहा विरुद्ध पंधरा. पडवी दणाणली हसून. बार्बेरियनवाला मात्र हसला नाही. त्याने तीन रविवार खपून ते कॅरेक्टर बांधलं होतं, पानाच्या कडेला कुऱ्हाडीचं चित्र काढलं होतं, आणि एका म्हाताऱ्या विझर्डने त्याचा हात टेबलाला टेकवला. "मग सोळा कशाला लिहिलेत?" असं तो म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर घरी बसून मोजलं. चारच्या फरकाने कमजोर माणूस शंभरात तीस वेळा जिंकतो, आणि चार वेळा बरोबरी. खऱ्या पंज्यात असं तीस वेळा होत नाही. खऱ्या पंज्यात होतच नाही.

त्या रात्रीपासून मी एक गोष्ट करतो. फासा हातात देण्याआधी स्वतःला विचारतो, इथे निकाल खरंच अधांतरी आहे का? पंजा अधांतरी नाही. सोळावाला आठवाल्याला पाडणार, मी तसं सांगून मोकळा होतो आणि सगळ्या सराईला ते दाखवतो. पण त्याच दोघांपैकी वादळात दोर सुटताना तो कोण धरून ठेवतो हे अधांतरी आहे, कारण त्यात ओली वाळू आहे, वारा आहे, नशीब आहे. फाशात हे सगळं असतं. वीस बाजूंत एकोणीस पायऱ्यांची हालचाल नशिबाची, आणि तुझ्या सोळाचा वाटा तीन. आकडा म्हणजे शेताचा उतार समज. पाणी सहसा तिकडेच जाणार, पण मुसळधार पावसात ते बांध फोडून कुठेही जातं. फासा टाकणं म्हणजे मुसळधार पाऊस पाडणं. दर पाच मिनिटांनी पाडलास तर उताराला अर्थच उरत नाही.

मॉडिफायरच वापरायचा तर १६ लिहायचे कशाला, असं विचारशील. योग्य विचारशील. उडी, ओझं आणि दुसरा क्लास (पात्राचा दुसरा पेशा) घ्यायला लागणारे १३ सोडले तर मूळ आकड्याला आज फारसं काम नाही. १४ आणि १५ यांत जवळजवळ काही फरक नाही. जुन्या घरांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, दोन बाजूंना बसायला सिमेंटचे सोपे असतात ना, आता तिथे संध्याकाळी कोणी येऊन बसत नाही, पण पाडवतही नाहीत, तसं ते आहे. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या लोकांनी २०२३च्या सुधारित आवृत्तीत मूळ आकडे शेवटी पाडले. त्यांच्या पानावर आता फक्त प्लस-मायनस. मला ते थोडं भुंडं वाटतं, पण हिशोबाला स्वच्छ आहे.

मुळात सुरुवातीला हे अंक फारसं काही करतच नव्हते, हे ऐकून नव्या पोरांना धक्का बसतो. १९७४च्या नियमांत फायटरची स्ट्रेंग्थ १८ असली तरी तलवार एका गुणाने जास्त लागत नसे. तो आकडा त्याला अनुभव लवकर मिळवून द्यायचा, पंधरा किंवा वर असेल तर दहा टक्के जास्त. चपळाईने बाण थोडा बरा लागायचा. सगळ्यांत भरीव काम करिष्म्याचं: तुमच्यामागे किती खास माणसं चाकरीला राहतील ते त्यावर ठरे. तीनवाल्याला एक, अठरावाल्याला बारा. पुढच्याच वर्षी ग्रेहॉक नावाची पुरवणी आली आणि स्ट्रेंग्थने मारात भर पडू लागली, शिवाय १८वाल्या फायटरला टक्केवारीचे फासे, १८/७६, १८/९१ वगैरे. तिथून चढाओढ लागली. अंक उपयोगी झाले की सगळ्यांना मोठे अंक हवेतच. १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये चार फासे टाकून सर्वांत लहान सोडायची पद्धत दिली, तिने सरासरी साडेदहावरून सव्वाबारावर नेली. सगळ्या अंकांना एकच साधं सूत्र मिळालं ते थेट २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत. "माझं इंट आठ म्हणून मी अमुक करू शकत नाही" या समजुतीला १९७४च्या पुस्तकात एका ओळीचा आधार आहे: अमुक कृती होईल की नाही हे ठरवताना पंचाने इंट बघावं. पण अमुक आकड्याला अमुक सुचणार नाही, अशी बंदी तिथे नाही.

त्याच जुन्या पुस्तकांत स्त्री-पात्रांच्या ताकदीला पुरुषांपेक्षा कमी कमाल मर्यादा घातलेली होती. १९७८च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये तक्ताच आहे. माणसाचा आकडा "खरा" असला पाहिजे हा हट्ट धरला की गाडी अशाच गल्लीत शिरते. पुढे तो तक्ता गेला, आणि २०२४च्या आवृत्तीत तर अंकांची वाढ वंशावरून न मिळता तुम्ही आधी काय काम करत होता त्यावरून मिळते.

आता इंट, विज्डम, करिष्मा. भांडणं इथेच होतात. स्ट्रेंग्थवर कोणी भांडत नाही.

आमच्याकडे सर्व्हे नंबर तोंडपाठ असलेली माणसं असतात. कुठल्या वाड्यावरचा कुठला तुकडा, एक-चौदाच्या उताऱ्यावर कूळ म्हणून कोणाचं नाव, १९७१ साली त्यावर काय वाद झाला, सगळं न बघता सांगणार. ते इंटेलिजन्स. शिकलेलं, साठवलेलं, एकाला एक जोडून तिसरं काढलेलं. तोच माणूस जमीन घेताना समोरच्याच्या गोड बोलण्याला भुलून पैसे घालवून बसतो. ते विज्डम नसणं. उलट रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावरचा, म्हातारा पागी (कोळी) घे. शाळा त्याने दुरून बघितली. सकाळी वाळूवर उभा राहतो, पाण्याच्या रंगाकडे बघतो, कावळे कुठे बसलेत बघतो आणि म्हणतो, आज जाळं नको. का, तर त्याला सांगता येत नाही. विचारून थकलास तर चिडतो. ते विज्डम. या शब्दाने आपल्याला फसवलं. "शहाणपण" म्हटलं की आपल्याला कीर्तनकार आठवतो, आणि नियमांत तर विज्डमची अर्धी कामं कान, डोळे आणि पोटातली शंका यांची आहेत: पर्सेप्शन, इनसाइट, सर्व्हायव्हल.

एकाच जागी दोन्ही दाखवतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, एका जुन्या वाड्यात शिरली आहे. आतल्या खोलीत धुळीवर पावलांचे ठसे आहेत आणि ते भिंतीपाशी संपतात. ठसे दिसणं, हे विज्डम. दिसले तर दिसले. आता कोणीतरी बाहेर जाऊन भिंत पावलांनी मोजते, एकवीस. आतून मोजते, सतरा. म्हणजे मधे चार पावलांची काहीतरी जागा आहे. हे इंटेलिजन्स. पागी पहिलं करेल, सर्व्हे नंबरवाला दुसरं. ज्या डीएमला हा फरक कळतो त्याच्या टेबलावर दोघांनाही काम असतं. नाहीतर सगळं पर्सेप्शनवर जातं आणि विझर्ड मोबाइल काढतो. तुझ्या विझर्डचं काय झालं ते ओळख.

करिष्मा म्हणजे रूप, हा गैरसमज इतका चिवट की १९८५मध्ये रूपासाठी वेगळा सातवा अंक काढून बघितला होता, कमलीनेस नावाचा. टिकला नाही. मी नव्या खेळाडूला जत्रेतलं नाटक सांगतो. आमच्या वाड्यावर दर वर्षी देवळाच्या मांडावर मराठी नाटक व्हायचं. नायक देखणा, जरीची शेरवानी, आणि तो बोलायला लागला की मागच्या रांगांतून शेंगदाण्यांच्या पुड्यांचा आवाज सुरू. मग एक बुटका, वाकड्या नाकाचा गृहस्थ, दिवसा पतसंस्थेत कारकून, तो खलनायक म्हणून एका बाजूने यायचा आणि काही न बोलता नुसता उभा राहायचा. पुड्या बंद. पोरं रडायची थांबायची. तो जो काही प्रकार होता त्याला अठरा म्हणतात. तो माणूस सुस्वभावी होता का? मुळीच नव्हता. करिष्म्याचा सभ्यतेशीही संबंध नाही.

चपळाई आणि दम यांवर लांबण लावत नाही. डेक्स, म्हणजे चपळाई, पाचव्या आवृत्तीत जरा जास्तच लाडावलेली आहे, बाण तिचे, चोरपावलं तिची, आधी कोण मारणार तेही तिचं. कॉन, म्हणजे दम, कोणी बोलून दाखवत नाही, पण बारा सोडून आठ लिहिणारा माणूस मी दुसऱ्यांदा तसं करताना पाहिलेला नाही. माझा स्वतःचा पहिला विझर्ड तीन फासे ओळीने टाकून काढलेला, कॉन ५. दुसऱ्या सेशनला जिन्यावरून पडून मेला. जिना आठ फुटांचा होता.

एक गोष्ट राहिली, आणि ती पुष्कळांची राहते. माडावर चढणारा रेंदेर कसा असतो ते तू बघितलंयस. किडकिडीत, पन्नाशीचा, दिवसाला कितीतरी माड. नियमात चढणं स्ट्रेंग्थचं, अॅथलेटिक्स. मग काय त्याची स्ट्रेंग्थ १८ लिहायची? नको. त्याला गोणी उचलायला लाव, तो साधाच निघेल. त्याची स्ट्रेंग्थ १०, आणि बाकीचं सरावाचं, म्हणजे प्रोफिशियन्सी. पहिल्या लेव्हलला ती दोन असते, सतराव्यापासून सहा. कच्चा माल वेगळा आणि हाताला पडलेलं वळण वेगळं, ही या खेळातली बहुधा सर्वांत शहाणी वाटणी आहे. म्हणून डीएमने आधी अंगभूत काय लागणार ते ठरवायचं आणि मग विचारायचं, यातला सराव कोणाला आहे? उलटं केलं की रेंदेराला पैलवान बनवावं लागतं, आणि कोळ्याला प्रोफेसर.

तर आता कल्पना कोणाची, तुझी की बार्बेरियनची?

माझ्या टेबलावर कल्पना टेबलाची असते. जो बोलेल तो बोलेल. मी खेळाडूला "तुला हे सुचू शकत नाही" असं एकदाही म्हणत नाही, कारण ते म्हटलं की तो माणूस पुढचे चार तास भजी खाण्यापुरता येतो. आकडा येतो तो नंतर, कल्पना जमिनीवर उतरताना. गुहेत पाणी किती चढेल, किती वेळात, फट किती दगडांनी बंद होईल हा हिशोब मांडायचा असेल तर इंटचा चेक, आणि तिथे तुझा मायनस एक बोलणार. हुकलास तर योजना मोडत नाही, फक्त हिशोब चुकतो: पाणी गुडघ्यापर्यंतच आलं, किंवा तुम्ही उभे होतात तिथेही आलं. त्यात मजा आहे. कधीकधी खेळाडू स्वतःच म्हणतो, हे माझ्या कॅरेक्टरच्या तोंडी शोभत नाही. मग मी सांगतो, विझर्डला दे. सराईत बसून तू भरतीची गोष्ट सांगितलीस, त्याने ऐकली आणि त्याची योजना झाली. सुचलं तुला, बोलला तो. प्रत्यक्षातही बढत्या अशाच मिळतात.

आणि त्या १७वाल्याला जागं करायचं काम डीएमचं. इंट मोठं असेल तर मी खेळाडूकडून हुशारीची अपेक्षाच ठेवत नाही, मी त्याला माहिती देतो. सेशनआधी तीन चिठ्ठ्या लिहून ठेवतो: गॉब्लिनांना आगीपेक्षा कशाची भीती, ही गुहा आधी कोणाची होती, या खडकात चुना आहे. योग्य वेळी चिठ्ठी सरकवायची. खेळाडू झोपाळू असला तरी त्याचा विझर्ड हुशार दिसतो, आणि चिठ्ठी हातात आली की माणूस सहसा जागा होतोच.

करिष्म्याचं याहून नाजूक. सत्तरी तालुक्यातून एक मुलगी यायची आमच्याकडे, बसने, दीड तास. इतकी अबोल की पहिल्या सेशनला तिचं नाव तिच्या मैत्रिणीने सांगितलं. तिने बार्ड (भाट) घेतला, करिष्मा १७. गटातल्या एकाने, चांगल्या मनाने, म्हटलं, मग राजासमोर भाषण कर ना, बार्ड आहेस. ती पान उलटसुलट करत राहिली. मी त्याला म्हटलं, तुझ्या फायटरने काल दगडी कमान उचलली तेव्हा मी तुला आमचं कपाट उचलायला लावलं का? मग तिला तीनच प्रश्न विचारले. राजाकडून काय हवंय? त्याला बदल्यात काय देणार? त्याला कसली भीती आहे असं तुला वाटतं? तिसऱ्याला ती म्हणाली, "त्याला वाटतं, त्याची मुलगी त्याच्यावर हसते." मी सगळं थांबवून चेक पाचने सोपा केला. फासा टाकला तिने, नऊ, आणि पुरला. बोलणं मी राजाच्या बाजूने केलं. सहा महिन्यांनी ती मधेच माझं बोलणं तोडून राजाला उत्तर देत होती, पण ते झालं नसतं तरी काही बिघडलं नसतं.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तू माझं बोट धरून डीएमवर चालून जाशील. बोलघेवडा खेळाडू करिष्मा ८ लिहितो, ते गुण कॉनमध्ये टाकतो, आणि मग प्रत्येक पहारेकऱ्याला स्वतःच्या जिभेने गुंडाळतो. ही लबाडी आहे. तिथे मी बोलू देतो, हसतो, टाळी देतो आणि मग म्हणतो, आता फासा टाक, मायनस एक. आठ लिहिलेत ते कुठेतरी भरायला हवेत. तुझ्या आठचंही तेच. महिन्यातून एकदा तरी स्वतःहून चूक कर. नकाशा उलटा धर. पाटी वाचताना अडखळ. डीएमने सांगण्याआधी तू ते केलंस तर त्याला सांगावंसं वाटणार नाही.

इतर खेळांत हे भांडण कमी, कारण तिथे आकड्याचा अर्थ उघड आहे. कॉल ऑफ क्थुलूमध्ये ६० म्हणजे शंभरात साठ, संपलं. १९७७चा ट्रॅव्हलर आणखी सरळ: तिथे वेगळे हिट पॉइंट (किती मार सोसता येईल त्याचा आकडा) नाहीत, गोळी लागली की ताकद, चपळाई आणि दम यांतूनच वजाबाकी होते. तिथे आकडा म्हणजे शरीरच. एकदा तो खेळून बघ, डी अँड डीतला आकडा किती सैल आहे ते मग जाणवतं.

आता तुझ्या गुहेकडे. डीएमची खरी चूक मला वेगळीच दिसते. भरती ही इंटेलिजन्सची गोष्ट नव्हेच. समुद्रकाठच्या टोळीतला बार्बेरियन भरती पुस्तकातून शिकत नाही, तूही शिकला नाहीस. तुझं विज्डम १३, म्हणजे प्लस एक. सर्व्हायव्हल, म्हणजे उघड्यावर तगून राहायचा सराव, घेतलं असशील तर आणखी दोन. दहाच्या चेकला फाशावर सात पुरतात, सत्तर टक्के. हे त्याला सांग आणि तो चेक माग.

पास झालास की हिशोब सोपा आहे. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आत-बाहेर, म्हणजे ओहोटीच्या तळाला काम धरलंत तर दगड रचायला सहाएक तास. गॉब्लिनचं कॉन १०, श्वास एक मिनिट. त्यांचं विज्डम ८, म्हणून पाणी घोट्याला लागेपर्यंत कोणाच्या लक्षात येईलसं वाटत नाही. फक्त मागची फट आधी बुजवा आणि पुढून मग आवाज करा. आम्ही एकदा उलट क्रमाने केलं होतं.